कारखान्यानें काय तयार करावें हें सरकार ठरवूं शकतें काय ?

ता. ७ डिसेंबर २०२३ रोजीं, ऐन गाळपाच्या हंगामांत, केंद्र सरकारनें साखर कारखान्यांस हुकूम केला कीं, उंसाचा रस व पाक चालू वर्षीं इथेनॉलसाठीं वापरूं नये. ऊस आपला, कारखाना सभासदांचा अथवा खासगी मालकाचा. मग मध्यें सरकार कोठून आलें, असें घाटनांदूर भागांतील बागायतदाराच्या मनांत येणें साहजिक आहे.

हा अधिकार मूळचा युद्धकाळचा. भारत संरक्षण नियमांखालीं तो सरकारच्या हातीं आला, १९४६ सालीं त्यास तात्पुरत्या कायद्याचें रूप मिळालें, व १९५५ च्या जीवनावश्यक वस्तु अधिनियमानें तो कायम झाला. त्याच्या कलम ३ अन्वयें उत्पादनाचें नियमन करणें, भाव बांधणें, सांठा विकावयास लावणें हें सर्व सरकारास करितां येतें. २०१३ पर्यंत कारखान्यांकडून रेशनसाठीं लेव्ही साखर घेतली जाई, ती याच बळावर.

२०२३ च्या ऑगस्टांत पावसानें दडी मारली व साखर कमी पडेल अशी धास्ती उत्पन्न झाली. ग्राहकाच्या बाजूनें हुकूम अवाजवी म्हणतां येणार नाहीं. परंतु इथेनॉलचा पैसा लौकर हातीं येतो, साखर मात्र महिन्याच्या कोट्यानें वर्षभर विकावी लागते ; त्यामुळें कारखान्यांची ओढाताण झाली. आठच दिवसांनीं १७ लाख टन साखरेइतकी सवलत मिळाली, व ऑगस्ट २०२४ अखेर पुढील वर्षापुरती बंदी उठली. असे फेरबदल हंगामाआधीं व्हावयास हवे होते, असें माझें मत आहे.

आतां आपल्या कामाची गोष्ट. कारखाना साखर करो वा इथेनॉल, उंसाचा किमान दर बदलत नाहीं. त्या हंगामीं तो १०.२५ टक्के उताऱ्यास क्विंटलमागें ३१५ रुपये होता. तोडणी-वाहतूक त्यांतून वजा होते. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणें ऊस पोंचल्यापासून १४ दिवसांत पैसे दिले पाहिजेत, नाहींतर सालीना १५ टक्के व्याज लागतें. एक लाखाचें बिल मुदतीनंतर ३० दिवस थकल्यास व्याज सुमारें १,२३० रुपये होतें. थकलेली रक्कम साखर आयुक्तांच्या दाखल्यावरून जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणें वसूल करितां येते. महसुली दप्तरांत उभा जन्म गेल्यामुळें सांगतों, अशा अर्जास वजनाची पावती व तिजवरील तारीख जोडलेली असावी. ती काट्यावरच मागून घ्यावी.