जाळीआडची परीक्षा
१९७० च्या दशकातील लाउडस्पीकरची तकतकीत लाकडी पेटी पाहून रसिक भुलतो. परीक्षा मात्र जाळीआड करावयाची असते. जाळी काढून शंकूभोवतालची कडा न्याहाळावी. कित्येक संचांत ती फोमची असे आणि दमट हवेत तिचा लवकर भुगा होतो. कडा नवी बसविता येते. तो खर्च किमतीतून वजा करून घेण्यास संकोचू नये. शंकू बोटांनी हळुवार, सर्व बाजूंनी सारखा आत दाबावा. खरखर जाणवली तर व्हॉइस कॉइल घासते आहे असे समजून व्यवहार थांबवावा. बीबीसीने रचलेला ‘एलएस ३/५ ए’ जुळवलेल्या जोडीनेच विकला जाई, तेव्हा तेथे क्रमांकही ताडून पाहावेत. परिचयाची ध्वनिमुद्रिका सोबत न्यावी व प्रत्येक पेटी स्वतंत्र वाजवावयास सांगावी, विक्रेता कुरकुरला तरीही.