पळसनाथ मंदिर, पळसदेव

पुणे जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यातील भीमा नदीकाठचे मध्ययुगीन शिवमंदिर. भिगवण व इंदापूर यांच्या दरम्यान, पुणे–सोलापूर मार्गालगत असलेल्या पळसदेव गावाचे हे ग्रामदैवत. उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. जुने गाव जलाशयात गेले, वस्ती मार्गालगत उठून आली आणि पूजाअर्चा नव्या गावठाणातील मंदिरात होऊ लागली. मूळ वास्तू मात्र जागीच राहिली.

लोकव्यवहारात मंदिर हेमाडपंती म्हणून ओळखले जाते. तथापि ही संज्ञा फार सैल आहे. यादवांचा मंत्री हेमाद्री तेराव्या शतकातील, तर ही बांधकामपद्धती त्याच्याही पूर्वी दख्खनेत रूढ होती. मंदिराच्या भिंती काळ्या पाषाणाच्या असून शिखर भाजलेल्या विटांचे व चुन्यातील आहे. ते भूमिज शैलीचे असून त्याचे सात थर मानतात. या शैलीत शिखराच्या चारही बाजूंच्या मध्यातून उभे पट्टे वर जातात व त्यांच्यामधील भागात लहान शिखरांच्या आडव्या रांगा क्रमाने आकसत जातात. अंबरनाथ (१०६०) व सिन्नरचे गोंदेश्वर ही याच शैलीची प्रसिद्ध उदाहरणे होत. परिसरात वीरगळ व सतीशिळा आहेत.

विटांमुळे माथ्यावरील भार हलका झाला; परंतु जलाशयात तेच या वास्तूचे मर्मस्थान ठरले. उजनीच्या सु. ११७ अब्ज घनफूट साठ्यापैकी निम्म्याहून अधिक मृत साठा असल्याने पाणी बरेच खालावले, तरच मंदिर उघडे पडते. २०२४ च्या उन्हाळ्यात ते असे दिसले, तेव्हा दर्शनासाठी गर्दी लोटली. सतत बुडून राहण्यापेक्षा भिजणे व वाळणे यांची आवर्तने अधिक घातक असतात. चुना झिजतो, सांधे मोकळे होतात व वीट फुटते. पाषाणाची झीज त्यामानाने मंद असते.

धरणाखाली जाणाऱ्या मंदिरांबाबत अन्य मार्गही अनुसरले गेले आहेत. श्रीशैलम् जलाशयामुळे कूडवेल्लीचे संगमेश्वर मंदिर दगड सुटे करून आलमपूर येथे पुन्हा उभारण्यात आले. इंग्लंडमधील रटलंड जलाशयात नॉर्मंटन चर्चचा खालचा भाग भरून घेऊन व भोवती बांध घालून ते वाचविण्यात आले. पळसनाथाचे चिरे असे उचलता आले असते. विटांचे शिखर मात्र नव्यानेच रचावे लागले असते.