कुट्टनाडची शेती आणि तिचे कष्टकरी

वारसा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गड, लेणी आणि देवळे येतात. शेतही वारसा असू शकते, ही कल्पना त्या मानाने नवी. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने २००२ साली परंपरागत शेतीपद्धतींना वारसा म्हणून मान्यता देण्याचे काम आरंभिले, आणि २०१३ साली केरळातील कुट्टनाडची भातशेती त्या यादीत आली. अशा मान्यतेने आणि तिच्या जोडीने येणाऱ्या पर्यटनाने गावकऱ्याच्या पोटाचे काय होते, एवढाच प्रश्न आम्ही येथे घेतला आहे.

कुट्टनाड वेंबनाड सरोवराला लागून आहे. तेथील पुष्कळ शेते समुद्रसपाटीच्या खाली आहेत. सरोवराच्या तळाचा चिखल काढून बांध घालावयाचे, आतले पाणी उपसावयाचे आणि उघड्या पडलेल्या जमिनीत भात पेरावयाचा, अशी ही रीत. हा चिखल बुड्या मारून वर आणला तो पुलय आदी जातींच्या मजुरांनी. पाण्याचे रहाट पायांनी फिरविले तेही त्यांनीच. पंप मागाहून आले. जमीन मात्र दुसऱ्याची होती. मजुरांनी संघटना बांधल्या, लढे दिले, तेव्हा कोठे १९७४ साली शेतमजुरांच्या हक्कांचा कायदा केरळात झाला. म्हणजे येथला वारसा जितका मातीचा, तितकाच मजुरांच्या हातांचाही आहे.

आता पर्यटनाकडे वळू. पूर्वी भात वाहणाऱ्या ‘केट्टुवळ्ळम’ नावाच्या मोठ्या होड्या होत्या. रस्ते झाले आणि त्यांचे काम गेले. १९९० नंतर त्यांच्यावर खोल्या बांधून हाउसबोटी निघाल्या. यामुळे सुतारांना काम मिळाले. सुकाणू धरणारा, स्वयंपाकी, मदतनीस अशांना रोजगार मिळाला. हा लाभ आम्ही नाकारीत नाही. परंतु बोटीचे तेल आणि मैला ज्या पाण्यात जातो, त्याच पाण्यावर काठच्या माणसाची धुणीभांडी आणि मासेमारी चालते. खारे पाणी अडविण्यासाठी तण्णीरमुक्कम येथे बंधारा घातला आहे. तो बंद असताना भरतीओहोटीने होणारी सफाई थांबते आणि घाण आतच साचते.

दुसरी गोष्ट हंगामाची. पुंजा भाताची पेरणी पावसाळ्यानंतर आणि कापणी उन्हाळ्याच्या तोंडी होते. पाहुण्यांची खरी गर्दीही त्याच महिन्यांत. त्यामुळे मजुराचे पावसाळ्यातले रिकामे दिवस पर्यटनाने फारसे भरून निघत नाहीत. कापणीला यंत्रे आली, तेव्हा पदरात पडणारे भातही कमी झाले.

तिसरी गोष्ट कायद्याची. २००८च्या कायद्याने केरळात भातजमीन बुजविण्यास बंदी आली. हे योग्यच झाले, कारण ही शेते पुराचे पाणी पोटात घेतात. पण समाजासाठी जमीन राखावयाची आणि तोटा मात्र एकट्या शेतकऱ्याने सोसावयाचा, हा न्याय नव्हे. हे ओळखून केरळ सरकारने २०२० साली भातजमिनीच्या मालकांना हेक्टरी वर्षाला २००० रुपये देण्यास आरंभ केला. रक्कम लहान, तत्त्व मोठे! मात्र ती मिळते मालकाला. बांधावर राबणाऱ्या भूमिहीनाला नव्हे.

मग करावे काय? एका बांधातली शेते मिळून पाणी उपसण्यासाठी तेथे शेतकऱ्यांच्या समित्या असतात. बोटींच्या परवान्यांच्या उत्पन्नातला ठरावीक वाटा या समित्यांना बांधदुरुस्तीसाठी द्यावा. ते काम स्थानिक मजुरांना पावसाळ्याच्या आगेमागे द्यावे, आणि समितीत मजुरांचा प्रतिनिधी बसवावा. तसे झाले तर पाहुणा जे हिरवे शेत पाहण्यासाठी पैसे मोजतो, ते हिरवे ठेवणाऱ्याच्या घरीही त्यातले काही पोचेल.

हे दूरचे गाऱ्हाणे समजू नका. गोव्याच्या खाजण जमिनीही बांधांवरच तगून आहेत, आणि महाराष्ट्राने २०२० साली कृषी पर्यटनाचे धोरण स्वीकारले आहे. सुटीत आपण शेतावर राहावयास जाऊ, तेव्हा झाडाचे नाव जसे विचारतो, तशी तेथील गड्याची मजुरीही विचारावी. बांध फुटला तर तो रातोरात बांधणारा माणूस गावात उरला पाहिजे. तो गेला तर यादीतले नाव शेत वाचवू शकणार नाही.