पऱ्हाटीला पाती, पण बोंड नाही

अमरावतीचं डफरीन असो की अकोल्याचं लेडी हार्डिंग रुग्णालय, सोनोग्राफीच्या कागदावर ‘अनेक सिस्ट’ वाचलं की बाईचे हातपाय गळतात. पण पीसीओएसमधल्या (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम) त्या गाठी नसतातच. वाढता वाढता थबकलेल्या स्त्रीबीजांच्या त्या इवल्या पिशव्या. पऱ्हाटीला पाती भरपूर लागावीत अन् बोंड धरू नये, तसं. रक्तात इन्सुलिन वाढलं की अंडाशय पुरुषी संप्रेरकं जास्त बनवतं, बीज पिकत नाही, पाळी लांबते. म्हणजे गर्भधारणेच्या संधी कमी होतात, संपत नाहीत. ‘वांझ’ हा शब्द तर आपण टाकूनच द्यावा.

बीज पिकवायला आज पहिली पसंती लेट्रोझोलला. गोळीच्या माहितीपत्रकात स्तनाचा कर्करोग लिहिलेला पाहून घाबरू नका. ती मूळची त्यासाठीचीच. वंध्यत्वासाठी तिच्यावर भारतात २०११ साली बंदी आली, २०१७ मध्ये उठली. मधल्या काळात, २०१४ साली, अमेरिकेत ७५० स्त्रियांवरच्या चाचणीचा निकाल आला होता: लेट्रोझोलवर २७.५ टक्के जणींना मूल झालं, जुन्या क्लोमिफेनवर १९.१ टक्के.

घरच्या बीजचाचणीच्या पट्ट्या मात्र पीसीओएसमध्ये अनेकदा फसवतात. अन् एक कळकळीचं सांगणं: सुनेच्या दहा तपासण्या होण्याआधी नवऱ्याची एक साधी वीर्यतपासणी करून घ्या.