कमी धावलेली गाडी, म्हातारं रबर

जुन्या गाडीची जाहिरात ‘फार चाललेली नाही’ या वाक्याशिवाय पूर्ण होत नाही. त्यात ती गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म असेल, तर विचारूच नका. फायबरग्लासची बॉडी, रेनॉचं ११४९ सीसी इंजिन, दोनच सीटा. हौशी माणूस किलोमीटरचा आकडा बघूनच विरघळतो. पण ती अकोल्यात पत्र्याच्या शेडखाली वर्षानुवर्षं नुसती उभी असेल तर?

मीटर अंतर मोजतो, उन्हाळे नाही. रबर उभ्या-उभ्याच म्हातारं होतं. हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्या कुठे तोडतात, कुठे एकमेकींत जखडतात. मग ते कडक होऊन चिरतं. उष्णतेत हे काम झपाट्याने होतं, आणि वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकतो. इंजिनाच्या सीलना तेलाचा ओलावा लागतो. इंजिन फिरलंच नाही, तर बंद हापशीच्या वायसरसारखी ती सुकतात आणि गाडी सुरू केली की गळतात. पेट्रोलचे हलके घटक उडून चिकट राळ उरते, ती इंजेक्टरची बारीक छिद्रं बुजवते. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं.

म्हणून विकणाऱ्याने चकचकीत रंगाआधी बिलांची फाइल काढावी: सील, होस, ब्रेक ऑइल कधी बदललं? माझ्या मते, दर रविवारी बडनेऱ्यापर्यंत जाऊन येणारी गाडी जास्त भावाची. टायरवर तर जन्मतारीख छापलेलीच असते: ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा.