सॅमनची पिल्ले आणि फोडलेला बांध

मुंबईच्या हॉटेलांत रावसाला ‘इंडियन सॅमन’ म्हणण्याची पद्धत आहे. खऱ्या सॅमनशी रावसाचे काही नाते नाही. हे आधीच सांगितलेले बरे, कारण पुढची हकीकत खऱ्या सॅमनची, अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील चिनूक जातीची आहे.

सॅमन नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा आपल्याच नदीत येतो, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. प्रवाहाविरुद्ध उडी मारणाऱ्या माशाची चित्रेही सर्वांनी पाहिलेली असतात. उलट दिशेने, समुद्राकडे निघालेल्या पिल्लांकडे मात्र फारसे कोणी बघत नाही. कोणत्याही विद्यापीठाचा आधार नसताना मी गेली काही वर्षे खाडीवरचे अहवाल वाचत आले आहे, आणि मला वाटते, खरी मेख तिथेच आहे.

चिनूकची पुष्कळ पिल्ले जेमतेम चार सेंटिमीटरची असतानाच नदीच्या मुखाशी पोहोचतात. गोड्या पाण्यात माशाच्या अंगातले क्षार सतत बाहेर झिरपत असतात, म्हणून कल्ले पाण्यातून क्षार ओढून घेतात. समुद्रात सगळे उलटे. तिथे अंगातले पाणीच बाहेर जाते, म्हणून मासा समुद्राचे पाणी पितो आणि कल्ल्यांवाटे मीठ बाहेर टाकतो. शरीराचा हा कारभार फिरवायला वेळ लागतो, आणि तो वेळ खाडीच्या मचूळ पाण्यात मिळतो. शिवाय तिथे खायला भरपूर. भरतीबरोबर पिल्ले दलदलीतल्या अरुंद फाट्यांत शिरतात, गवतावरून पडलेले किडे, चिलटांच्या अळ्या, कोळंबीसारखे बारीक जीव खातात आणि ओहोटीला मागे सरतात. असे काही आठवडे, कधी काही महिने चालते. अंगाने भरून समुद्रात गेलेले पिल्लू जगण्याची शक्यता अधिक.

वॉशिंग्टन राज्यातली निस्क्वाली नदी रेनियर पर्वताच्या हिमनदीतून निघून प्युजेट साउंड या सागरी फाट्याला मिळते. १९०४ च्या सुमारास अॅलसन ब्राउन या वकिलाने तिच्या मुखाशी जमीन घेऊन भरतीचे पाणी अडवणारा मातीचा बांध घातला आणि दुभत्या गुरांचे मोठे शेत उभारले. आपल्या कोकणातला खारबांध ज्याने पाहिला आहे, त्याला यात नवे काही वाटणार नाही. फरक एवढाच की आपल्याकडे उघाडीतून पाणी आतबाहेर करता येते. तिथे भरती जवळजवळ शंभर वर्षे बाहेरच राहिली.

या मुखाशीच १८५४ साली मेडिसिन क्रीकचा तह झाला होता. निस्क्वाली आणि शेजारच्या जमातींनी जमीन दिली, पण नेहमीच्या जागी मासे धरण्याचा हक्क राखून ठेवला. तो बजावला म्हणून बिली फ्रँक यांना १९४५ मध्ये, चौदाव्या वर्षी, पहिल्यांदा अटक झाली. पुढे अनेकदा झाली. १९७४ मध्ये न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांनी धरता येण्याजोग्या माशांपैकी निम्मा वाटा तहातल्या जमातींचा ठरवला. पण नदीत मासाच उरला नाही तर निम्मा वाटा कशाचा? १९९९ मध्ये प्युजेट साउंडच्या चिनूकची नोंद संकटग्रस्तांत झाली.

जमातीने १९९६ पासून पूर्वेकडचे बांध टप्प्याटप्प्याने हटवले. २००९ मध्ये ब्राउनचा बांध काढला गेला आणि ७६२ एकरांत पुन्हा भरती आली. गोड्या पाण्यावरचे गवत मेले, चिखल उघडा पडला, मग खाऱ्या पाण्यातल्या वनस्पती हळूहळू पसरू लागल्या.

याने खरोखर काय साधते, हे ओरेगॉनमधल्या सॅमन नावाच्याच नदीवर दिसले. तिथले बांध १९७८, १९८७ आणि १९९६ मध्ये काढले. सत्तरच्या दशकात त्या खाडीत अगदी लहान पिल्ले मुक्काम करताना आढळली नव्हती. २००० नंतरच्या पाहणीत ती आढळली. आता पिल्ले वेगवेगळ्या आकाराची, वेगवेगळ्या वेळी समुद्रात जातात. समुद्रात खाद्य कधी मिळेल याचा नेम नसतो. सगळे बियाणे एकाच पावसावर न पेरणाऱ्या शेतकऱ्याला यातले शहाणपण समजेल.

पण कोणी हे वाचून आपल्याकडचे खारबांध फोडायला निघू नये. निस्क्वालीची ती जमीन १९७४ पासून अभयारण्यात होती, कोणाच्या ताटातला भात गेला नाही. कोकणात बांध फुटतो तेव्हा कोणाचे तरी शेत खारते.

निस्क्वालीत अडचण वेगळीच आहे. बांधाआडची जमीन नव्या गाळावाचून सुकली, दबली आणि खचली. तिला पुन्हा उंच करायला गाळ हवा, समुद्र चढत असताना तर जास्तच. पण टॅकोमा शहराच्या विजेसाठी १९४५ मध्ये पुरे झालेले आल्डर धरण वर उभे आहे, आणि हिमनदीने दळलेला बहुतेक गाळ त्याच्या जलाशयातच बसतो.