छताचे ठिगळ

आपल्याकडे छत गळले की खराब गिलावा पाडायचा, नवा लावायचा, वर रंगाचा हात मारायचा, की झाले! पण छतालाही पोत असतो आणि रफू करताना वीण जुळवावी तसा तो जुळवावा लागतो, हे मला न्यू जर्सीत लेकीकडे गेले तेव्हा कळले.

तिच्या वरच्या न्हाणीघरातला नळ पाझरला आणि दिवाणखान्याच्या छतावर परातीएवढा डाग उमटला. नळ दुरुस्त झाला, पण छत फुगून लोंबू लागले. तिथली छते बहुधा ड्रायवॉलची, म्हणजे दोन जाड कागदांमध्ये जिप्सम भरलेल्या तक्त्यांची. ऑगस्टीन सॅकेट नावाच्या गृहस्थाने असल्या तक्त्याचे पेटंट १८९४ साली घेतले. काम झटपट होते, पण सांधे दिसतात. ते लपवायला लांबीचा लेप देऊन त्यावर ब्रश दाबून पाकळ्या उठवीत.

जावईबापू करवत घेऊन शिडीवर चढले, तोच शेजारचे म्हातारे गृहस्थ आले. "घर कधीचे?" त्यांनी विचारले. "१९७४ चे." "मग आधी खाली उतरा!"

त्या काळी अशा लेपात अ‍ॅस्बेस्टॉस मिसळीत. असल्या लांबीवर अमेरिकेत १९७७ साली बंदी आली. कोरडे खरवडले की तंतू हवेत उडतात, फुप्फुसात रुततात आणि दुखणे वर येते ते कित्येक वर्षांनी. आणि खाली तर आमचा नातू रांगत होता! भिजवून काढलेला लहानसा तुकडा प्रयोगशाळेत धाडला आणि खोलीला कुलूप घातले. 'अ‍ॅस्बेस्टॉस नाही' असे उत्तर आले, तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली.

पुढचे काम चिकाटीचे. खराब भाग चौकोनी कापला, आत लाकडी पट्ट्यांचा आधार दिला, नवा तुकडा स्क्रूने बसवला. सांध्यावर कागदी पट्टी आणि लांबीचे तीन हात. प्रत्येक हात वाळल्यावर पुढचा, आधीच्यापेक्षा रुंद. मग श्रीखंडाहून पातळ लांबी कालवून जावईबापूंनी आधी पुठ्ठ्यावर हात बसवला. ब्रश ओढायचा नाही. दाबायचा, सरळ उचलायचा, दर वेळी थोडा फिरवायचा. पहिले तीन पुठ्ठे पाहून लेक हसतच सुटली. दिवा बाजूने धरून जुने-नवे ताडून पाहायचे, कारण फरक दिसतो तो तिरप्या उजेडातच. नव्या पाकळ्या जुन्यांवर वीतभर चढवल्या, की सीमा उरत नाही.

शेवटी वाद झाला. जावईबापू म्हणाले, "ठिगळापुरताच रंग लावू." मी म्हटले, "अहो, सारवण अर्धे केले की जमीन दुरंगी दिसते. जुना पांढरा आणि नवा पांढरा एक नव्हेत!" अखेर प्रायमर लावून सबंध छत रंगवले.

आता पाहुणे आले की जावईबापू त्यांना डाग शोधायला लावतात. कुणालाच सापडत नाही. पण दुपारी चारच्या उन्हात एक पाकळी उलटी दिसते. ती मी हट्टाने शिडीवर चढून उठवली होती.